सोलापुरात संध्याकाळी सात वाजता : दारू सोडलेल्यांसाठी दोन दिवसांच्या सहलीचं परीक्षण

सोलापूर सहलीच्या यादीत सहसा नसतं. लोक अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करायला निघतात आणि मुक्कामापुरतं सोलापूर घेतात. दारू सोडून काही आठवडे किंवा काही महिने झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना मात्र आम्ही हे गाव मुद्दाम सुचवतो. इथे समुद्रकिनारा नाही, थंड हवेचा डोंगर नाही. सूर्यास्त बघत ग्लास घेऊन बसण्यासाठी सजवलेल्या जागा त्यामुळे गोवा-लोणावळ्याच्या मानानं कमी आहेत. अर्थात कमी आहेत म्हणजे नाहीतच, असं कुणी समजू नये. परमिट रूमच्या पाट्या इथल्या रस्त्यांवरही लागतातच.

दारू सोडलेल्याची सहल दिवसा सहसा बिघडत नाही. बिघडते ती संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत. वर्षानुवर्षं याच वेळेला पहिला पेग भरलेला असतो, त्यामुळे घड्याळ न बघताही शरीर मागणी करतं. दुपारचं जेवण जिरलेलं असतं, उन्हात फिरून पाय दुखत असतात, खोलीवर परतल्यावर करायला काही नसतं, आणि सोबतच्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "चला, बसू या." व्यसनमुक्तीच्या कामात भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार धोक्यांची नावं पुन्हा पुन्हा घेतली जातात. सहलीत संध्याकाळी सातला त्यातले निदान दोन हजर असतात. म्हणून इथे प्रत्येक जागेला, प्रत्येक सोयीला आम्ही एकच प्रश्न विचारला आहे: सात वाजता इथे काय असतं?

पोचण्यापासूनच सुरुवात करू. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि दहाच्या सुमारास सोलापूरला येते. मुंबईहून वंदे भारत दुपारी चारच्या सुमारास निघून रात्री साडेदहाच्या आसपास पोचते. ही गाडी १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. तिकीट काढताना वेळ एकदा तपासून घ्या. दोन्ही गाड्यांचा मोठा गुण हा की पहिल्या संध्याकाळचे तीनही तास खुर्चीत बसून जातात. गाडीत नशेत सापडणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ खाली गुन्हा आहे. तरीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून आणणारे भेटतात, म्हणून पाणी आणि सरबत आपल्याच बाटलीतलं प्यायचं, दुसऱ्याच्या बाटलीतला घोट घ्यायचा नाही. आमच्याकडून रेल्वेला १० पैकी ९.

स्वतःच्या गाडीनं पुण्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर पडतात. इथे चूक होते ती निघण्याच्या वेळेची. "जेवून निघू" म्हणत दुपारी दोन-अडीचला निघालं, वाटेत चहापाणी झालं, की टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यातले ढाबे बरोबर दिवे लागण्याच्या वेळेला समोर येतात. थकलेला ड्रायव्हर, भुकेली मुलं आणि ढाब्यावरची खाट, सगळं एकाच जागी. सकाळी सहाला निघा, दुपारच्या जेवणाला सोलापुरात पोचा.

राहायच्या जागेवर आमचं मत थोडं कडक आहे. तळमजल्यावर परमिट रूम आणि वर खोल्या, अशा रचनेचं लॉज कितीही स्वच्छ आणि स्वस्त असलं तरी घेऊ नका. जिन्यात येणारा वास, ग्लासांचा आवाज आणि खालून सहज वर येणारी ऑर्डर, यांच्याशी दोन रात्री झगडण्यात सुट्टी संपते. खोली ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. इमारतीत बार आहे का, आणि असेल तर त्याचं आणि लॉजचं दार एकच आहे का? खोलीतल्या फ्रीजमध्ये काय ठेवता, आणि आम्ही येण्याआधी तो रिकामा करून ठेवाल का? रात्रीचं जेवण साडेसातला मिळेल का? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण आमच्या लेखी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जेवण साडेनऊला मिळणार असेल तर मधले दोन तास रिकाम्या पोटी काढावे लागतात, आणि रिकामं पोट जुन्या सवयीला फार लवकर जागं करतं. खोलीवर गेल्यावर आधी कपाट, फ्रीज आणि बाथरूमचा कोपरा सोबतच्या माणसानं बघावा. आधीच्या गिऱ्हाइकाची अर्धी बाटली मागे राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

याहून सोपा पर्याय भक्तनिवासाचा. अक्कलकोट सोलापूरहून सुमारे ४० किलोमीटरवर. तिथे यात्रेकरूंसाठी निवासाची सोय आहे आणि अन्नछत्रात दुपारी व रात्री महाप्रसाद मिळतो. संध्याकाळची आरती, मग पंगत, मग झोप. सात वाजताच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर या भागात दुसरं नाही. श्रद्धा असो वा नसो, शेकडो माणसांच्या पंगतीत मांडी घालून जेवताना एकटेपणा वाटत नाही, हे खरं. उणीव एकच: सुट्टी म्हणून आलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. म्हणून दोन रात्रींपैकी एक अक्कलकोटला, एक सोलापुरात, ही विभागणी आम्हाला बरी वाटते. १० पैकी ८. शनिवार-रविवार, गुरुवार आणि गुरुपौर्णिमेला गर्दी असते. खोली आधी ठरवल्याशिवाय निघू नका.

आता हुरडा. सोलापूरच्या सहलीतली ही सर्वांत चांगली गोष्ट, आणि निष्काळजीपणानं निवडली तर सर्वांत धोक्याचीही.

हुरड्याचा हंगाम साधारण डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती मालदांडी भाकरीची. हुरड्यासाठी गुळभेंडी किंवा सुरती लागते. तिचा दाणा गोड असतो आणि भाजल्यावर बोंडातून सहज सुटतो. मळ्यावर पोचलात की कोणती ज्वारी आहे ते विचारा. उत्तर पटकन आलं तर मळेवाला जाणता आहे.

आगटीजवळ बसून भाजणी बघणं हा अर्धा आनंद. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात पेटवलेल्या गोवऱ्या, आणि ज्वाळा विझून फक्त लालसर निखारा उरला की त्यात कणसं खोचायची. ज्वाळेत भाजलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. पाच-सात मिनिटांत हिरव्या कणसावर तपकिरी डाग पडतात आणि भाजक्या दाण्याचा गोडसर वास येतो. मग गरम कणीस दोन तळहातांत धरून चोळायचं. दाणे सुपात पडतात, कोंडा फुंकरीनं उडतो, आणि हाताला राख, चीक आणि ऊब एकदमच लागते. दाणा दातांखाली मऊ, किंचित चिवट लागला तर जमलं. टणक लागला तर कणीस जून झालेलं असतं किंवा जास्त भाजलेलं असतं. सोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, घट्ट दही, गूळ, खोबरं, बोरं. हुरडा पोटाला जड, तेव्हा पहिल्या फेरीत दोन मुठी पुरेत; वर पाण्याऐवजी ताक घ्यावं असं जुनी माणसं सांगतात, ते पाळलेलं बरं.

ज्याच्या हाताला रोज संध्याकाळी ग्लास धरायची सवय होती, त्या माणसाला ही कणसं चोळायचं काम फार उपयोगी पडतं. दोन्ही हात गुंतलेले, तोंड गुंतलेलं, समोर विस्तव, भोवती गप्पा. बैठकीत जे हवंहवंसं वाटायचं त्यातलं दारू सोडून बाकी बरंच काही इथे मिळतं. म्हणून सकाळच्या हुरड्याला आम्ही १० पैकी १० देतो.

रात्रीच्या हुरड्याला मात्र २. काही मळ्यांवर दिवसाची सहल साडेचारला संपते आणि रात्री दुसरी मंडळी येतात. चुलीवरचं मटण, झाडाखाली खुर्च्या, आणि बाकीचं तुम्ही ओळखालच. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं. फोनवर सरळ विचारा, "रात्री मळ्यावर बसायची सोय आहे का?" मळेवाला खुशीत म्हणाला, "आहे ना, फक्त बाटली तुमची आणा," तर तो मळा आपला नाही. "नाही हो, आमच्याकडं बायकामाणसं, लेकरं असतात," असं म्हणाला तर लगेच दिवस ठरवून टाका. दिवसाच्या पॅकेजमध्ये काय काय धरलं आहे तेही विचारा: सकाळचा नाश्ता, अकराच्या सुमाराला हुरडा, दीड-दोनला भाकरी-पिठलं-वांग्याचं जेवण, चारला चहा. चहा झाला की निघायचं. "थोडं थांबा, मटण शिजतंय," या आग्रहाला बळी पडू नका, कारण तिथून पुढे तुमची संध्याकाळ दुसऱ्याच्या हातात जाते.

मळ्यावरून शहरात यायला पाच-साडेपाच होतात. इथेच सहलीत भोक पडतं. चार वाजेपर्यंत सगळं आखलेलं आणि पुढे "बघू". आम्ही सुचवतो ते असं: साडेपाचला खोलीवर अंघोळ. सहाला कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी. साडेसहाला सिद्धेश्वर मंदिर. साडेसात-आठला जेवण. त्यानंतर नाटक, किंवा फिरणं, किंवा चादरींची खरेदी.

सहाच्या खाण्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पातळ थापून, भाजून पूर्ण वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. ती आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून पुडा पिशवीत टाकला की काम झालं. शेंगा चटणी भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं आणि मीठ घालून उखळात कुटलेली घ्या. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळ्या-गोळ्यांची होते. मिक्सरमधून काढलेली कोरडी भुकटी बरणीत हलवली की सळसळते, ती नको. एका माणसाला एक भाकरी, वाटीभर दही, दोन चमचे चटणी. दहा मिनिटांत खाऊन होतं आणि पुढची दोन-अडीच तासांची भूक मारते. एक सावधगिरी: खारे शेंगदाणे, फुटाणे, फरसाण ही ज्यांच्या डोक्यात चकणा म्हणून बसलेली आहेत, त्यांनी ती सुटी सुटी हातात घेऊ नयेत. हात सवयीनं दुसरं काहीतरी शोधू लागतो. भाकरी-दह्यासोबत कालवलेली चटणी मात्र जेवणासारखी लागते, तिचा असा त्रास सहसा होत नाही.

सिद्धेश्वर मंदिर तलावाच्या मधोमध आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे लिंगायत संत, आणि वचनकार. हा तलाव त्यांनी लोकांना सोबत घेऊन खणला अशी इथली परंपरा सांगते. लगतच भुईकोट किल्ला. संध्याकाळी मंदिरात जाऊन, पाण्याकडे तोंड करून अर्धा तास बसता येतं. तलफ उठली तर चालायला हीच जागा, कारण तलफ साधारण १५ ते ३० मिनिटांत चढते आणि उतरते, आणि तेवढा वेळ पाय हलते ठेवणं हा चांगला उपाय आहे. जानेवारीत संक्रांतीला आलात तर गड्ड्याची यात्रा भेटते: सात नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदीतले मानकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत गर्दी एवढी असते की लॉज महिनाभर आधी धरावं लागतं, पण संध्याकाळ कशी घालवायची हा प्रश्न उरत नाही. १० पैकी ९. एक गुण पार्किंगसाठी कापला.

जेवणाच्या जागांची पाटी वाचायला शिका. 'फॅमिली रेस्टॉरंट' आणि 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि शेवटचे दोन शब्द कधीकधी बारीक अक्षरांत असतात. बार असलेल्या ठिकाणी फॅमिली विभाग वेगळा असला तरी स्वयंपाकघर एक, वेटर एक, आणि मेनूकार्डाचं मधलं पान तेच. काही ढाब्यांवर परवाना नसतानाही लोक पिताना दिसतात. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ नुसार असा गुत्ता चालवणारा दोषी ठरतो, आणि कलम ८४ नुसार तिथे पिताना किंवा पिण्यासाठी आलेला सापडलेलाही. नुसतं जेवायला गेलेल्या माणसानं त्या लफड्यात का पडावं?

सोलापूरला येऊन सावजी मटण खायचं असेल तर दुपारी खा. हे आम्ही ठासून सांगतो. झणझणीत रस्सा, घाम, जळजळणारी जीभ या सगळ्याची सांगड पुष्कळांच्या आठवणीत दारूशी घातलेली असते. तेच ताट दुपारी एकला, साध्या खानावळीत, बाजूला मठ्ठ्याचा ग्लास ठेवून खाल्लं तर ते फक्त चविष्ट जेवण असतं. संध्याकाळी ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, दही असं साधं जेवण बरं. जेवल्यावर गोड खावंसं वाटलं तर दाबू नका. दारू सोडल्यावर पहिल्या काही महिन्यांत गोडाची ओढ वाढते, ते स्वाभाविक आहे. मधुमेह नसेल तर शेंगाची पोळी या कामाला उत्तम. पोळीची चतकोर तूप लावून.

रात्रीच्या करमणुकीसाठी हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं आहे का ते स्थानिक पेपरात बघा. नाटकाचे दोन-तीन तास म्हणजे उरलेली धोक्याची वेळ अंधारात, खुर्चीत आणि हसण्यात गेली. नाटक नसेल तर चाटी गल्लीत चादरी बघा. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अस्सल जॅकार्ड चादरीची खूण अशी की उलटी केल्यावर तीच नक्षी रंग पालटून दिसते. कोपरा हातात घेऊन चोळा. कांजीची भुकटी हाताला लागली तर पहिल्या धुण्यात चादर सैल पडणार. चार दुकानं हिंडून दोन चादरी घ्यायला दीड तास सहज जातो.

दिवसाच्या जागा पटकन. नान्नजचं माळढोक अभयारण्य सुमारे वीस किलोमीटरवर. माळढोक दिसेल अशी आशा ठेवू नका, काळवीट मात्र दिसतात आणि हिवाळ्यात माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी घिरट्या घालतात. त्यासाठी पहाटे सहाला माळावर हजर असावं लागतं, आणि डोकं हलकं ठेवून पहाटे उठणं म्हणजे काय हे दारू सोडलेल्यालाच ठाऊक. हत्तरसंग-कुडल इथे भीमा-सीनेचा संगम आहे, तोंडंच तोंडं कोरलेलं बहुमुखी शिवलिंग आहे, आणि शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मुलांना तो जरूर दाखवा. तिथून चारच्या आत परत फिरा. मार्च ते मे सोलापूर टाळा. पारा ४० च्या पुढे जातो, अंगातलं पाणी कमी होतं, आणि तो शीण तलफेसारखाच वाटतो.

पेयांबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. लिंबू सोडा, मठ्ठा, उसाचा रस, डाळिंबाचा रस हे सगळं निर्धोक; डाळिंब तर इथलंच. दोन पेयांपासून लांब राहा. एक, नीरा. झाडावरून काढल्यावर थंड ठेवली नाही तर काही तासांतच ती आपोआप आंबते आणि ताडी होऊ लागते, रस्त्याकडेच्या कॅनमधली किती वेळाची आहे हे चवीवरून कळत नाही. दोन, 'झिरो' बिअर. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलं तरच पेय मद्यात धरतात, म्हणजे 'नॉन-अल्कोहोलिक' डब्यात अल्पसं अल्कोहोल असू शकतं. '०.०' लिहिलेल्यात ते नसलं तरी डबा तोच, फेस तोच, कडू चव तीच, आणि मेंदूला पुढच्या पायरीची आठवण तिथूनच होते. सोडून वर्ष व्हायच्या आत हे उत्पादन आम्ही कुणालाच सुचवणार नाही. १० पैकी १. बारमध्ये बसावंच लागलं, लग्नाची पार्टी किंवा ऑफिसची, तर उंच ग्लासातलं मॉकटेल मागवू नका. टेबलावर ग्लास बदलतात. सीलबंद बाटली समोर उघडून घ्या, बाटलीतूनच प्या, आणि उठून परत आल्यावर जुनी बाटली तशीच सोडून नवी मागवा.

सोबतच्यांना काय सांगायचं तेही आधी ठरवा, निघायच्या आधीच्या दिवशी, फोनवर. "आज नको" म्हणालात तर समोरचा उद्याची वाट बघतो. "डॉक्टरांनी मना केलंय" म्हणालात तर तो डॉक्टर होऊन वाद घालतो. "मी घेत नाही" हे तीन शब्द पुरतात. सोलापुरी दोस्त "काय बे, सुट्टीत तरी एक घे की, एकानं काय होतंय?" असं एकदा म्हणणार, दोनदा म्हणणार. तिसऱ्यांदा म्हणाला की वाद न घालता उठायचं आणि खोलीवर जायचं; म्हणूनच खोलीची किल्ली आणि परतीचे पैसे आपल्याच खिशात हवेत. 'ड्राय डे'वर विसंबू नका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीला दुकानं बंद असतात, पण ग्रुपनं आदल्या दिवशीच साठा करून ठेवलेला असतो. ३१ डिसेंबर तर सहलीसाठी निवडूच नका.

रोज संध्याकाळी साडेसहाला एका माणसाला फोन ठरवून ठेवा: प्रायोजक (गटातला आधार देणारा जुना सदस्य), समुपदेशक, सोडलेला जुना मित्र, कुणीही, पण तो त्या वेळेला फोन उचलणारा हवा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वयंसहाय्य गटाच्या सभा मराठीतही होतात, त्यांना फी नसते. निघण्याआधी आपल्या गटाकडून सोलापुरातल्या सभेचा वार आणि वेळ घ्या. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मोफत. हा नंबर बायकोच्या किंवा भावाच्या फोनमध्येही साठवून ठेवा.

औषधांचा भाग वगळून हे परीक्षण अपुरं राहील. जो माणूस अजून रोज भरपूर पितो, त्यानं "सहलीला गेल्यावर सोडतो" असं करू नये. अचानक बंद केल्यावर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. ही अवस्था हॉटेलच्या खोलीत निभावत नाही, आधी डॉक्टर. डायसल्फिराम, म्हणजे दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून दिलेली गोळी, चालू असेल तर खोकल्याची काही औषधं, माउथवॉश आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टं यांतलं अल्कोहोलही बाधतं. आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल ५ ते १० टक्क्यांच्या घरात असतं. चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली येणं, ही त्याची लक्षणं. "सहलीपुरती गोळी बंद करू" हा विचार दोन कारणांनी वाईट. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो, आणि गोळी बंद करणं ही बऱ्याचदा पिण्याची आधीच केलेली तयारी असते. घरच्यांनी गोळ्यांचं पाकीट मोजून बरोबर घ्यावं.

आणि घोट गेलाच तर? तिथेच थांबा, गाडी चालवू नका, पोटभर खा, साडेसहाच्या माणसाला रात्रीचे अकरा वाजले असले तरी फोन लावा. "आता गेलंच आहे तर" म्हणून जुन्या मापानं पिणं फार घातक, कारण मधल्या महिन्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. घरच्यांनी त्या रात्री भांडू नये. भांडण दुसऱ्या दिवशी घरी करा, रात्री फक्त सोबत बसा.

शेवटची रात्र सर्वांत अवघड. दोन दिवस निभावलेले असतात, सामान बांधलेलं असतं, आणि "उद्या जायचंच आहे, आज एक" हे वाक्य याच रात्री ऐकू येतं, कधी मित्राच्या तोंडून तर कधी स्वतःच्याच मनातून. यावर सोलापूरचं रेल्वे वेळापत्रक आम्हाला फार कामाचं वाटतं. मुंबईची वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते, पुण्याची हुतात्मा त्यानंतर थोड्या वेळानं. सकाळचंच तिकीट काढा. साडेसातला जेवण, नऊला दिवा बंद, पावणेपाचचा गजर, आणि रिक्षावाल्याला रात्रीच सांगून ठेवा, कारण पहाटे पाचला लॉजच्या दाराशी रिक्षा मिळेलच असं नाही.